सुस्कारा पुरे

गेलं वर्षभर एका मजकुराने आमचा पिच्छा पुरवला आहे. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले, पक्ष एकच, मतदारसंघ एकच, प्रवास एसटीने. शेवटी जोडलेल्या हातांची दोन चित्रं आणि ठरलेली ओळ : ‘असे आमदार आता होणे नाही.’ 2025च्या जुलैत, पावसाळी अधिवेशन चालू असताना, आमदार निवासाच्या कँटीनमध्ये वरणावरून एका कर्मचाऱ्याला मारहाण झाली, तेव्हा हा मजकूर आला. त्याच अधिवेशनात विधानभवनात दोन आमदारांचे कार्यकर्ते एकमेकांच्या अंगावर धावून गेले, तेव्हा पुन्हा आला. सभागृहात एका मंत्र्याच्या मोबाइलवर पत्त्यांचा डाव दिसल्याची चित्रफीत फिरली, तेव्हा तर चार ठिकाणांहून आला. पाठवणारे सगळे आपलेच लोक, बहुतेक या अंकाचे जुने वाचक. त्यामुळे त्यांच्यावर चिडायचा आमचा हक्क आहे आणि तो आम्ही इथे बजावणार आहोत.

चीड आबासाहेबांबद्दल, म्हणजे गणपतरावांबद्दल, नाही. चीड त्या सुस्काऱ्याबद्दल आहे. सुस्कारा सोडला की आपलं काम संपतं. ‘आता होणे नाही’ म्हटलं की पुढच्या वेळी कोणाला मत द्यायचं आणि दिल्यावर त्याला काय विचारायचं, हे दोन्ही प्रश्न निकालात निघतात. माणूस देव्हाऱ्यात बसवला की त्याच्यासारखं वागायची जबाबदारी कोणावरच उरत नाही. आणि गंमत अशी, की ज्यांचं नाव घेऊन हा सुस्कारा सोडला जातो, त्यांची निवडणुकांची कुंडली नीट पाहिली तर ती वेगळंच काही सांगते.

1962 साली, महाराष्ट्र राज्य झाल्यावरच्या पहिल्याच विधानसभा निवडणुकीत, हा तरुण वकील शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) लाल बावट्याखाली सांगोल्यातून निवडून आला. 1967ला पुन्हा आला. आणि 1972ला पडला. काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील जिंकले. त्यांच्या निधनामुळे 1974 साली पोटनिवडणूक झाली, तीत गणपतराव परत आले. मग 1978, 1980, 1985, 1990 अशी रांग लागली. 1995ला पुन्हा पडले, शहाजीबापू पाटलांकडून, अवघ्या 192 मतांनी. 1999, 2004, 2009 आणि 2014ला पुन्हा विजयी. 2019ला वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी त्यांनी स्वतः थांबायचं ठरवलं. 30 जुलै 2021 रोजी ते गेले.

फॉरवर्ड होणाऱ्या मजकुरात या दोन पराभवांचा उल्लेख कधीच नसतो. आम्हाला मात्र अकरा विजयांइतकेच ते दोन पराभव मोलाचे वाटतात. 192 मतं म्हणजे काय? एका मतदान केंद्रावरची दुपारची रांगसुद्धा त्याहून मोठी असते. तेहतीस वर्षांच्या ओळखीचा आमदार, आणि तालुक्याने त्याला एका रांगेच्या फरकाने घरी बसवलं. तो रुसून दुसऱ्या पक्षात गेला नाही, विधान परिषदेच्या मागच्या दारानेही शिरला नाही. चार वर्षं गावोगाव फिरला आणि त्याच बावट्याखाली त्याच लोकांसमोर पुन्हा मत मागायला उभा राहिला. हा साधेपणा नव्हे, ही राजकारणातली कठीण शिस्त आहे. मतदाराला आमदार पाडता येतो हे दोघांनाही, आमदाराला आणि मतदाराला, पक्कं ठाऊक होतं. सांगोल्यात आमदार घडला तो या धाकात.

त्या मजकुरात आणखी एक गोष्ट गाळलेली असते, ती म्हणजे काम. एसटीने फिरणारा आमदार ही गोष्ट सांगायला सोपी. पण नुसता एसटीत बसून कोणी अकरा वेळा निवडून येत नाही. गणपतरावांची हयात बहुतेक विरोधी बाकांवर गेली. ते विरोधी पक्षनेते होते. मंत्री दोनदाच झाले, 1978च्या पुलोद सरकारात आणि 1999च्या आघाडी सरकारात. 2002ला शेकापने पाठिंबा काढला तेव्हा तेही संपलं. म्हणजे सत्तेतून निधी आणणं हे त्यांचं भांडवल नव्हतंच. त्यांचं भांडवल होतं तारांकित प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना आणि अर्थसंकल्पावरचं भाषण. म्हणजे आज ज्या आयुधांची नावंही अनेक नव्या आमदारांना पीए सांगतो, ती. आणि तालुक्यात संस्था उभ्या होत्या. कापूस न पिकणाऱ्या दुष्काळी सांगोल्यात शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी काढून ती चालवून दाखवणं याला फोटोत पकडता येत नाही, म्हणून ती फॉरवर्ड होत नाही.

हा विक्रम देशात सर्वांत मोठा, असंही तो मजकूर ठोकून देतो. तेही खरं नाही. तमिळनाडूत करुणानिधी तेरा वेळा निवडून आले आणि एकदाही पडले नाहीत. केरळात के. एम. मणी एकट्या पालामधून तेरा वेळा जिंकले. महाराष्ट्रात मात्र अकराच्या पुढे कोणी गेलेलं नाही, आणि तेवढं पुरेसं आहे. आपला माणूस मोठा ठरवायला आकडा फुगवावा लागतो, यातच त्याच्या कामाकडे आपण कधी नीट पाहिलं नाही याची कबुली आहे.

आता सांगोल्याचंच पुढचं पाहा, म्हणजे देव्हाऱ्याची हौस फिटेल. 2019ला शेकापने आधी घराबाहेरचं नाव पुढे केलं होतं. कार्यकर्त्यांनी आग्रह धरला आणि उमेदवारी गणपतरावांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख यांच्याकडे आली. घराणेशाहीला नाकं मुरडणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं, की घराण्याचा हट्ट कधीकधी घरापेक्षा कार्यकर्तेच जास्त धरतात. डॉ. अनिकेत 768 मतांनी हरले, पुन्हा शहाजीबापूंकडूनच. त्यानंतर तीनच वर्षांत याच सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पक्षातल्या बंडाच्या वेळी गुवाहाटीहून झाडी, डोंगर आणि हॉटेलचं वर्णन करताना देशभर ऐकू आले. आबासाहेबांना जाऊन तेव्हा पुरतं वर्षही झालं नव्हतं. मतदार तेच, तालुका तोच. आणि 2024च्या नोव्हेंबरात त्याच मतदारांनी डॉ. बाबासाहेब देशमुख या दुसऱ्या नातवाला निवडून दिलं. अख्ख्या राज्यात शेकापचा तेवढा एकच आमदार. याचा अर्थ सांगोला पुण्यभूमी आहे असा नाही, की ती बिघडली असाही नाही. तिथला मतदार दर पाच वर्षांनी हिशेब मांडतो, कधी चुकतो, कधी दुरुस्त करतो. एवढंच. आणि हे एवढंच बाकीच्या महाराष्ट्रात होत नाही.

परवा पंढरपूरच्या गाडीत आमदारांसाठी राखीव आसनाशेजारी उभं राहायची वेळ आली. पाठीमागच्या पत्र्यावर रंगवलेली ‘आमदार’ची अक्षरं खरवडून निम्मी गेली होती. आसनावर एक आजी मांडीवर कोथिंबिरीची जुडी घेऊन बसल्या होत्या, पायाशी दुधाचा कॅन. कंडक्टरला विचारलं, इथे कधी कोणी बसलं का? तो म्हणाला, ‘मला नोकरीला अठरा वर्षं झाली, मी तर बघितला नाय. पण आला तर उठवायचं कुणाला, म्हाताऱ्यांना?’ आम्हाला त्याचा प्रश्न त्या मजकुरापेक्षा जास्त शहाणा वाटला. आमदार एसटीत बसला नाही म्हणून काही बिघडत नाही. एसटी वेळेवर का येत नाही हे त्याने सभागृहात विचारलं की नाही, हे कोणी तपासत नाही म्हणून बिघडतं.

यंदाच्या अंकाचा विषय ‘पाणी’ आहे आणि संपादकीयात हा आमदार कुठून उगवला, असं कोणी विचारेल. सांगतो. 1993 साली आटपाडीत तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली. नागनाथअण्णा नायकवडी आणि गणपतराव यांच्यासोबत हजारो शेतकरी वर्षामागून वर्ष तिथे जमत राहिले, समन्यायी वाटपाची मागणी करत राहिले. कृष्णेचं पाणी टेंभूहून उचलून वर माणदेशाकडे आणायची योजना कागदावरून जमिनीवर यायला किती पंपगृहं, किती मोर्चे आणि किती सरकारं लागली, याची हकीकत आतल्या पानांत आहे. आमदार एकटा पाणी आणत नाही. मागे उभी असलेली परिषद त्याच्याकडून आणवून घेते. सांगोला ज्या सोलापूर जिल्ह्यात आहे, तिथेच 2025च्या सप्टेंबरात सीना नदीने गावंच्या गावं पाण्याखाली घातली. दुष्काळासाठी तेरा तालुके एकत्र आले होते, पुरासाठी अजून कोणी आलेलं नाही.

वर्षाचा आढावा घ्यायची प्रथा आहे, ती दोन ओळींत उरकतो. शिवरायांचे किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, याचा आनंद. जयंत नारळीकर गेले, याचं दुःख. पहिलीपासूनच्या हिंदीचा निर्णय सरकारला मागे घ्यावा लागला, याचं समाधान. बाकी गोंगाटच फार.

जिल्हा परिषदा आणि महापालिकांवर तीन-तीन वर्षं प्रशासक बसले, तेव्हा आपल्यातल्या किती जणांना कुणाची उणीव भासली? सुस्कारा टाकायची सवय तेवढी बाजूला ठेवा. हिवाळी अधिवेशन नागपुरात होईल, तेव्हा आपल्या आमदाराने किती प्रश्न विचारले ते मागवा. विधिमंडळात नोंद असते. गावात तो मत मागायला किंवा कोणासाठी मागायला आला, की ती यादी त्याच्यासमोर ठेवा. उत्तर पटलं नाही तर पाडा. सांगोल्याने खुद्द गणपतराव देशमुखांना दोनदा पाडलं, आणि त्यात त्यांचं काही कमी झालं नाही. तुमच्या आमदाराचंही होणार नाही.

तो मजकूर यंदा आम्हाला पाठवू नका. तुमच्या आमदाराला पाठवा.