वास येत नाही? ‘चालायचंच’ म्हणू नका!

‘माणसाचं नाक तसंही कमजोरच’ हे वाक्य इतकं रुजलं आहे की वास गेलेला रुग्ण ते सांगायलाही लाजतो. आम्ही डॉक्टर तर त्याहून पुढे. डोक्यातून निघणाऱ्या 12 चेतांच्या जोड्यांपैकी पहिली वासाची. तपासणीच्या कागदावर मात्र सर्रास लिहिलेलं असतं, ‘2 ते 12 ठीक’. पहिली तपासतो कोण?

हा समज 19व्या शतकातला. फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांना माणसाचा घ्राणकंद, म्हणजे नाकाच्या वरच्या बाजूला असलेला मेंदूचा वास ओळखणारा भाग, बाकी मेंदूच्या मानाने लहान दिसला. तेवढ्यावरून माणूस कमी वास येणाऱ्या प्राण्यांत जाऊन बसला. कुणाला वास देऊन पाहिलं नव्हतं! मेंदू मोठा झाला म्हणून घ्राणकंद दुबळा कसा ठरतो? वासाच्या ग्राहकांचे प्रकार आपल्यात सुमारे 400 आणि उंदरात 1,000च्या वर, हे खरं. पण त्यांचे संदेश जिथे गोळा होतात ते गुच्छ आपल्या घ्राणकंदात साधारण 5,500, उंदरात 1,800च्या आसपास.

शिवाय आकारापेक्षा जोडणी महत्त्वाची. एरवी चेतापेशी एका टोकाने संदेश घेते, दुसऱ्या टोकाने देते. घ्राणकंदातल्या कणपेशींना देण्याचा तो लांब तंतूच नसतो. त्या ज्या फांदीवर घेतात तिथूनच परत देतात. मुख्य पेशी कणपेशीला चेतवते, कणपेशी लगेच तिला आणि शेजारणींना आवर घालते. त्यामुळे जवळजवळच्या दोन वासांतला फरक ठळक होतो. ही देवघेव उंदरात आहे तशी माकडांतही आहे. मेंदूच्या तळाकडून ॲसिटिलकोलीन सोडणारे तंतूही माकडांच्या घ्राणकंदात येऊन पोचतात. अल्झायमरमध्ये झिजतात त्याच पेशींचे हे भाईबंद. याला निकामी अवयव म्हणायचं?

वास गेला की गॅसची गळती कळत नाही, विटलेली आमटी कळत नाही, जेवणावरची वासना उडते. पार्किन्सन्समध्ये हात थरथरण्याच्या कित्येक वर्षं आधी वास कमी होऊ शकतो. (लगेच घाबरू नका. बहुतेकांत कारण सर्दी, सायनस, नाकातला मांसल कोंब, विषाणू किंवा डोक्याला मार हेच असतं.)

सर्दी बरी होऊन दोन-तीन आठवडे झाले तरी वास परतला नाही, किंवा कारणाशिवायच गेला, तर कान-नाक-घसातज्ज्ञांना दाखवा. विषाणूमुळे गेलेल्या वासासाठी गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास रोज दोनदा, प्रत्येकी काही सेकंद, मन लावून हुंगायचे. किमान 12 आठवडे. सगळ्यांना गुण येत नाही, पण बऱ्याच जणांना येतो. आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तर तुम्हीच सांगा: ‘मला वास येत नाही, तेही लिहून घ्या.’