राजीनामा आधी, ऑफर नंतर

‘दुसरी हातात आल्याशिवाय पहिली सोडू नकोस’ हा सल्ला आपल्याकडे घराघरांत मिळतो. नोटीस महिन्याभराची असे तेव्हा तो रास्तही होता. आता हिंजवडी-खराडीतल्या बऱ्याच आयटी कंपन्यांत नोटीस पीरियड ९० दिवसांचा आहे आणि भरती करणाऱ्यांना हवा असतो ‘इमिजिएट जॉइनर’. राजीनामाच न दिलेल्या उमेदवाराचा विषय मग अनेकदा एचआरच्या पहिल्या फोनवरच संपतो. ज्याचा शेवटचा दिवस तीन आठवड्यांवर आला आहे, त्याला मात्र मुलाखतीला बोलावतात. म्हणून नोकरी खरोखर वाईट असेल तर ऑफर हातात नसताना राजीनामा देणं हा अविचार आहे, असं मला वाटत नाही. पगार चालू असलेले ते तीन महिने शोधासाठीच वापरायचे असतात. आणि वाईट नोकरी निमूट सहन करणं फुकट पडत नाही. पीटर बटरवर्थ आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या सात हजारांहून अधिक लोकांची अनेक वर्षांची माहिती तपासून २०११ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. बेकारीतून निकृष्ट नोकरीत, म्हणजे अति ताणाच्या, बेभरवशाच्या आणि स्वतःच्या हाती काहीच नसलेल्या कामात, गेलेल्यांचं मानसिक आरोग्य बेकार राहिलेल्यांपेक्षाही अधिक खालावलेलं त्यात आढळलं.

‘गॅप पडली तर?’ ही भीती मात्र खोटी नाही. अमेरिकेत हजारो बनावट अर्ज पाठवून केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बेकारीचे महिने वाढले तशी कंपन्यांकडून येणारी बोलावणी घटली. सर्वांत मोठी घट पहिल्या आठ महिन्यांत होती. पण नोटिशीच्या काळात माणूस नोकरीतच असतो, गॅप सुरू होते ती त्यानंतर. अर्थात कंपनी लवकरही मोकळं करू शकते, आणि बाजार पडलेला असेल तर ९० दिवसही अपुरे ठरतात. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार जणांच्या कपातीची घोषणा केली. अशा दिवसांत घराचा हप्ता एकाच पगारावर असलेल्याने आधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढावा, राजीनामा मग. कंत्राटी कामगाराला तर नोटिशीचं हे संरक्षण बहुधा नसतंच, त्याला हा हिशोब लागू नाही. राजीनाम्याआधी आणखी एक काम उरकायला हवं: कंपनीचा आरोग्य विमा साधारणपणे शेवटच्या दिवशी संपतो आणि आई-वडील त्याच पॉलिसीत असतील तर त्यांचंही संरक्षण जातं, तेव्हा त्यांच्या स्वतंत्र पॉलिसीचा अर्ज आधी भरावा.