मामा जिना कसे चढले, ते तुम्ही विचारलं नाहीत

बुधवारच्या दिव्यांग बोर्डात खिडकीशेजारच्या टेबलाशी बसलेल्या डॉक्टरांना,



"जिना चढून आलात ना तुम्ही? मग?" एवढं बोलून तुम्ही पुढचा केस पेपर हातात घेतलात. टोकन नंबर 47. पांढरा लेंगा-सदरा घातलेले, डावा हात मांडीवर दाबून चालणारे गृहस्थ. ते माझे मामा. रुग्णालयाचं नाव मी लिहीत नाही, तुमचंही नाही. पत्र मात्र उघड लिहिते आहे, कारण त्या दिवशी तुमच्या दाराबाहेर बाकावर बसलेल्यांपैकी किती जणांच्या वाट्याला हेच वाक्य आलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

तर तो जिना. तपासणी पहिल्या मजल्यावर होती. लिफ्टच्या दारावर 'बंद आहे' असा कागद चिकटवलेला, आणि त्या कागदाच्या कडा पिवळ्या पडलेल्या. 22 पायऱ्या. मामा आधी उजवा पाय वर टाकत, दोन्ही हातांनी कठडा धरून अंग वर ओढत, मग लेंग्याचं कापड मुठीत धरून डावा पाय उचलून त्याच पायरीवर आणून ठेवत. असं 22 वेळा. मधल्या वळणावर कठडा संपतो, तिथं त्यांनी भिंतीला तळवे टेकले. मी मागं उभी होते, तोल गेला तर धरायला. वळणावर ते खाली बसले. शेजारून माणसं वर-खाली करत होती, त्यांना वाट मिळावी म्हणून त्यांनी स्वतःचा पाय हातानं आत ओढून घेतला. वर पोचलो तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. त्यांनी रुमालानं तोंड पुसलं, केस बसवले आणि मला म्हणाले, "घामाघूम गेलं तर डॉक्टरांना वाटंल, तापबिप आहे."

त्यांचा घाम पुसून झाला आणि मग तुम्ही त्यांना पाहिलंत.

मामांचा तो मांडीवरचा हात तुम्ही लकब समजलात का? पोलिओनं मांडीचा पुढचा स्नायू गेला की गुडघा सरळ धरून ठेवणारं काही उरत नाही. अंगाचा भार आला की गुडघा मिटतो आणि माणूस कोसळतो. म्हणून दर पावलाला हातानं मांडी मागं रेटून गुडघा कुलूपबंद करावा लागतो. हे मला तुम्ही शिकवायचं, मी तुम्हाला नव्हे. मामा व्यवसायानं शिंपी. त्यांचा प्रत्येक लेंगा डाव्या मांडीवर एकाच जागी विरतो, तळहाताएवढा. म्हणून नवा लेंगा शिवतानाच ते तिथं आतून अस्तराचा तुकडा लावतात, आणि टीप अशी घालतात की बाहेरून काही दिसू नये. पन्नास वर्षं त्यांनी आपला पाय असाच सांभाळला आहे. बाहेरून दिसू नये असा.

मामांचा जन्म 1968 चा. दोन वर्षांचे असताना ताप आला, गावात आलेल्या कुणीतरी सुई टोचली आणि चौथ्या दिवशी पाय लुळा पडला. आजी मरेपर्यंत म्हणत होती, सुईनंच माझ्या पोराचा पाय नेला. पोलिओचा विषाणू अंगात असताना स्नायूत इंजेक्शन दिलं तर लकव्याचा धोका वाढतो, हे मी फार उशिरा वाचलं. आजी अगदीच चुकीचं बोलत नव्हती, हे तिला सांगायचं राहून गेलं. सार्वत्रिक लसीकरणाचा कार्यक्रम 1985 साली सुरू झाला. पोलिओच्या मूळ (वाइल्ड) विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 ला पश्चिम बंगालमध्ये सापडला, आणि 27 मार्च 2014 ला आपला देश पोलिओमुक्त ठरला. तेव्हा सगळ्यांनी आनंद साजरा केला, आम्हीही केला. पण पोलिओ गेला म्हणजे पोलिओ झालेली माणसं गेली नाहीत. त्यांतली बरीच आता पन्नाशी-साठीत आहेत, आणि आयुष्यभर दोन पायांचं काम एका पायानं केल्यामुळं त्यांचा चांगला पायही आता दमला आहे.

मामांचं तेच झालं. लहानपणी लोखंडी पट्ट्यांचं आणि चामड्याच्या बुटाचं कॅलिपर होतं. ते तोकडं पडलं आणि पुन्हा नवं आलं नाही. शिलाई मशीनचा पायटा ते 35 वर्षं एकट्या उजव्या पायानं मारत आले. गावातल्या तीन पिढ्यांचे शाळेचे गणवेश त्यांनी शिवले. मग बाजारात रेडिमेड आलं, गिऱ्हाईक आटलं, आणि गेल्या चार वर्षांत उजवा गुडघा सुजायला लागला. आता अर्धा तास मशीनवर बसलं की पुढचा दिवस आडवं पडून जातो. सर्टिफिकेट त्यांनी आजवर कधी मागितलंच नव्हतं. आजोबांना वाटायचं, कागदावर 'अपंग' लिहिलं की पोराचं लग्न व्हायचं नाही. लग्न तसंही झालं नाही.

मीच मागं लागले. संजय गांधी निराधार योजनेतलं दिव्यांगांचं मानधन सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळानं महिना 1,500 वरून 2,500 रुपये केलं, तेव्हा मी फोन करून म्हटलं, मामा, हे तुमच्या हक्काचं आहे. ते दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला, "आधार कार्ड लागंल का?" सेतू केंद्रात जाऊन सर्टिफिकेटसाठी ऑनलाइन अर्ज भरला. ओटीपी येईना म्हणून दोन खेपा झाल्या. तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला घेतला, रेशनकार्डाची झेरॉक्स लावली. मग बोर्डाची तारीख आली.

62 किलोमीटरचा एसटीचा प्रवास. दिव्यांगांना एसटीत 75 टक्के सवलत आहे, पण ती दिव्यांग कार्ड असलेल्यांना, म्हणून मामांनी पूर्ण तिकीट काढलं. त्या बसमध्ये मी जे केलं ते मला अजून सलतं. मी त्यांना शिकवत होते. "मामा, तिथं 'जमतं' म्हणू नका. बसता येतं का विचारलं तर 'नाही' म्हणा." त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "खोटं बोलू?" मी म्हटलं, खोटं नाही हो, पण जे जमतं ते कसं जमतं ते सांगा. ते खिडकीबाहेर बघत राहिले. जन्मभर जो माणूस 'मला होतं, मी करतो' म्हणत मान ताठ ठेवून जगला, त्याला मी भर एसटीत 'होत नाही' म्हणायचा सराव करायला लावत होते. डॉक्टर, ही वेळ तुमच्या टेबलामुळं येते. सगळ्या गावांतून निघालेल्या सगळ्या एसट्यांत कुणी ना कुणी भाची, सून, धाकटा भाऊ हाच धडा देत बसलेला असतो.

तुम्ही विचारलंत, "खाली बसता येतं का?" मामा म्हणाले, "बसतो की." मी मध्ये बोलायला गेले तर तुम्ही हात वर करून मला थांबवलंत, पेशंटला बोलू द्या म्हणालात. पेशंट बोलला, पण तुम्ही पुढचं विचारलं नाहीत. बसल्यावर उठता कसे? तर पलंगाचा पाय धरून, आणि पलंग नसेल तेव्हा हातांवर रांगत भिंतीपाशी जाऊन. पायांच्या अपंगत्वाचं मोजमाप कसं करायचं याच्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना आहेत. सांध्याची हालचाल कोनमापकानं मोजायची, स्नायूंची ताकद तपासायची, आणि स्थैर्यासाठी सपाट जागी चालणं, उतारावर चालणं, जिना चढणं, दोन्ही पायांवर उभं राहणं, अधू पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, गुडघे टेकणं, वळणं हे सगळं बघायचं. तुम्ही मामांना खुर्चीवर बसवून लेंगा वर करायला सांगितलंत, दोन्ही पोटऱ्यांकडं पाहिलंत, पाय एकदा वाकवलात. टेबलावर आडवं केलं नाहीत. चालायला लावलंत ते दारापासून खुर्चीपर्यंत, चार पावलं. उजव्या गुडघ्याचा एक्स-रे माझ्या पिशवीत होता. मी तो बाहेर काढला, तुम्ही म्हणालात, "तो वयाचा आहे."

दोन महिन्यांनी कार्ड आलं. डावा पाय, 35 टक्के, पांढऱ्या पट्टीचं. 40 च्या खाली पांढरा, 40 पासून पिवळा, 80 पासून निळा. योजना पिवळ्यापासून सुरू होतात. गावात पहिला प्रश्न एकच असतो, "किती टक्के बसले?" मामा म्हणाले, "पाच कमी पडले," आणि ते अशा सुरात म्हणाले, जणू परीक्षेत अभ्यास कमी पडला.

त्या पाच टक्क्यांचा हिशेब मी रात्री कागदावर मांडून पाहिला. एकाहून जास्त ठिकाणी अपंगत्व असेल तर सरळ बेरीज करत नाहीत. मोठा आकडा तसाच घ्यायचा, 90 मधून तो वजा करायचा, उरलेल्याला धाकट्या आकड्यानं गुणून 90 नं भागायचं आणि ते मोठ्या आकड्यात मिळवायचं. उजव्या गुडघ्याचे तुम्ही नुसते 10 धरले असते तरी 35 अधिक 6 असे 41 झाले असते. त्यासाठी तो एक्स-रे एकदा खिडकीकडं धरायचा होता. खिडकी तुमच्या उजव्या हाताला होती.

तुमच्यावर दडपण आहे, हे मला कळतं. त्या दिवशी टोकन 90 च्या पुढं गेलं होतं आणि डॉक्टर तुम्ही एकटे होतात. 2024 च्या पावसाळ्यात एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून महाराष्ट्रात जे वादळ उठलं, त्यानंतर सही करताना हात आखडत असेल, हेही समजतं. खोटी प्रमाणपत्रं पकडलीच पाहिजेत, ती मामांसारख्यांच्याच ताटातलं नेतात. पण खोटं पकडायचं तर तपासणी जास्त करावी लागते. तुम्ही ती कमी केलीत, आणि वर शेजारच्या कारकुनाला म्हणालात, "आजकाल बोर्ड म्हटलं की सगळेच लंगडतात." मामांनी ते ऐकलं. ते 1970 पासून लंगडतात.

आणि लिफ्ट. 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमात दिव्यांग व्यक्तीच्या व्याख्येतच अडथळ्यांचा उल्लेख आहे. शरीरातली दीर्घकाळची उणीव आणि समोरचे अडथळे, दोन्ही मिळून ज्याचा सहभाग अडतो ती व्यक्ती. नियम 15 जून 2017 ला निघाले आणि तेव्हापासून पाच वर्षांत सार्वजनिक इमारती सुगम करायच्या होत्या. ती मुदत 2022 मध्ये संपली. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईत व्हीलचेअर वापरणाऱ्या विराली मोदी यांना स्वतःच्या लग्नाच्या नोंदणीसाठी लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर उचलून न्यावं लागलं. त्यांनी जाहीरपणे लिहिलं, तेव्हा उपमुख्यमंत्र्यांनी दिलगिरी व्यक्त केली. 8 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतूडी यांच्या खटल्यात सुगमतेचे निकष नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाहीत, ते बंधनकारक करा, असं बजावलं. लिफ्ट दुरुस्त करणं तुमच्या हातात नसेल. पण बुधवारी एक टेबल खाली, केस पेपरच्या खिडकीजवळच्या मोकळ्या जागेत टाकून घेणं? तिथं तीन बाकडी रिकामी होती. मी मोजली.

आम्ही अपील करतो आहोत. निर्णयापासून 90 दिवसांची मुदत आहे, त्यातले 41 गेले. मला तुमच्याकडून सहानुभूतीचे पाच टक्के नकोत. तुमच्या जागी किंवा अपिलात जो कुणी बसेल त्यानं 'येतं का' असं न विचारता 'कसं करता, दाखवा' असं विचारावं, आणि ते बघायला खुर्चीतून उठावं. त्यांना टेबलावर झोपवावं. दोन्ही गुडघ्यांना हात लावावा. एक्स-रे उजेडाला धरावा. आणि काल रात्री मी मामांना न सांगता त्यांचा एक जुना लेंगा ट्रंकेतून काढून पिशवीत ठेवला आहे. आतलं अस्तरही विरलेला. तो मी टेबलावर उलटा करून दाखवणार आहे.

मामा मात्र अपिलाबद्दल फारसं बोलत नाहीत. परवा एवढंच म्हणाले, "जायच्या आधी फोन करून विचार. लिफ्ट चालू झाली का."

आपली,
टोकन नंबर 47 ची भाची