सायटेशनच्या आकड्याला ‘मेरिट’ समजू नका!

ज्याच्या संशोधनाचा सर्वाधिक वेळा संदर्भ दिला जातो तोच सर्वात मोठा विद्वान, हा समज विद्यापीठांत पक्का रुजला आहे. नेमणूक असो, बढती असो की संशोधनाचा निधी, सायटेशनचा आकडा विचारला जातोच. उघडपणे जातीच्या नावाने मिरवता येत नाही, तेव्हा ‘मेरिट’च्या नावाने मिरवणाऱ्यांना असा आकडा फार सोयीचा पडतो. म्हणूनच तो तपासून घेणे आम्हाला आवश्यक वाटते.

हान्स आयसेंक याचेच उदाहरण घ्या. जर्मनीत जन्मलेला हा मानसशास्त्रज्ञ लंडनमध्ये प्राध्यापक होता. 1997 मध्ये तो वारला तेव्हा हयात मानसशास्त्रज्ञांत सर्वाधिक सायटेशन त्याच्या नावावर होती. विसाव्या शतकातील मानसशास्त्रज्ञांची एक क्रमवारी 2002 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत नियतकालिकांतील संदर्भांच्या मोजणीत फ्रॉइड आणि पियाजे यांच्यानंतर तिसरा क्रमांक त्याचाच होता. याच आयसेंकने 1971 मध्ये पुस्तक लिहून, काळ्या-गोऱ्यांच्या बुद्ध्यांकातील तफावतीमागे आनुवंशिकता आहे असे मांडले. शाळा, पगार, वस्ती, शतकांची गुलामी हे सगळे दुय्यम आणि दोष रक्ताचा! आपल्याकडची ‘उपजत गुणवत्ते’ची भाषा याहून वेगळी आहे काय?

माणसाच्या स्वभावावरून त्याला कॅन्सर होईल की नाही हे सांगता येते, असेही त्याने एका सहकाऱ्यासोबत छापले. तंबाखू कंपन्यांचा पैसाही त्याने घेतला होता. 2019 मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या चौकशीने या दोघांचे दोन डझनांहून अधिक निबंध विश्वासार्ह नसल्याचे ठरवले. तोवर त्याच्या मृत्यूला बावीस वर्षे झाली होती आणि आकडा आपले काम करून गेला होता. कारण सायटेशन फक्त उल्लेख मोजते. एखादे मत खोडून काढण्यासाठी केलेला उल्लेखही त्यात एकच धरला जातो.

आता दुसरी बाजू पाहा. मेमी क्लार्क या काळ्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. काळ्या मुलांच्या आत्मभानावरचे काम त्यांनी हॉवर्ड विद्यापीठात एम.ए.च्या प्रबंधातून सुरू केले. पुढे पती केनेथ क्लार्क यांच्यासह त्यांनी लहान काळ्या मुलांसमोर गोऱ्या आणि तपकिरी बाहुल्या ठेवल्या. निम्म्याहून अधिक मुलांना तपकिरी बाहुली ‘वाईट’ वाटली. 17 मे 1954 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, तेव्हा निकालाच्या अकराव्या तळटीपेत क्लार्क यांच्या लेखनाचा संदर्भ आला. एका तळटीपेतले हे एक सायटेशन! तेही केनेथ यांच्या नावाने. मेमींचे नाव तिथे नाही. ज्या बाईने कामाची सुरुवात केली ती मोजणीबाहेर राहिली. बाहुल्यांच्या प्रयोगावरही टीका झाली, आणि ती व्हायलाच हवी. पण या कामाचे वजन कोणत्या तक्त्यात मांडणार?

क्लार्क दांपत्याने डॉक्टरेट मिळवली ती कोलंबिया विद्यापीठात. त्याच विद्यापीठात 1916 मध्ये बाबासाहेबांनी जातीच्या उगमावरचा आपला निबंध वाचला होता. माणसाला खालचे ठरवणारी व्यवस्था तपासायची, हा प्रश्न दोघांनाही जोडतो.

तो प्रश्न उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतही तपासला गेला. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी शाळकरी मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नव्हती तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांच्या कामगिरीत लक्षणीय फरक दिसला नाही. सर्वांसमोर नाव आणि जात पुकारताच दलित मुलांची कामगिरी घसरली. मुले तशीच, कोडी तशीच. मग ‘मेरिट’ कुठे गेले?

साथींनो, कोणी आकडा तोंडावर फेकला तर दबून जाऊ नका. विचारा: संदर्भ कोणी दिला? कशासाठी दिला? पैसा कोणाचा होता? निष्कर्ष दुसऱ्या कोणी पडताळला का? आणि संशोधन करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी आणखी एक काम करावे. वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी, आपल्या बायांनी केलेले लेखन वाचावे, तपासावे आणि आपल्या प्रबंधाच्या तळटीपेत त्यांचे पूर्ण नाव लिहावे. ज्यांना मोजलेच गेले नाही, त्यांची नोंद आपणच करायची आहे.

जय भीम!