घरांतील पांवा

माधवनगर येथील एका भगिनींचें पत्र आलें आहे. घर तीन जावांचें, सासूबाई वृद्ध, धाकटे दीर यंत्रमागाच्या कारखान्यांत रात्रपाळीस जातात व सकाळीं आठास येऊन निजतात. मुलाच्या मावशीनें आयर्लंडाहून त्याच्यासाठीं पत्र्याचा एक पांवा आणला. मुलगा अकरा वर्षांचा. सुटीच्या पहिल्याच सकाळीं त्यानें तो वाजवावयास घेतला, आणि साडेनऊच्या सुमारास दिरांनीं उठून तो त्याच्या हातून घेतला व माळ्यावर टाकला. चार दिवस झाले, मुलगा काकांशीं बोलत नाहीं आणि धाकट्या जाऊबाई या भगिनींशीं बोलत नाहींत. घरांत कोणाची झोप न मोडतां वाजवितां येईल असें वाद्य मिळतें काय, असें त्या विचारतात.

मिळतें. पण त्यांच्या पत्रांतील एका तक्रारीचें उत्तर आधीं दिलें पाहिजे. भाऊजी रात्रभर मागांच्या खडखडाटांत उभे राहतात, दिवसा शेजारचे माग चालू असतां स्वस्थ घोरतात, आणि एवढ्याशा नळीनें मात्र त्यांस जाग येते, हा निव्वळ हेका नव्हे काय? आमच्या मतें नव्हे. एकसारख्या चालणाऱ्या आवाजास कान सरावतो. मध्येंच थांबणारा, चढणारा, चुकून पुन्हां सुरू होणारा आवाज त्यास जागें करतो. शिवाय मनुष्याचा कान सर्व स्वर सारखेच ऐकत नाहीं. सेकंदास सुमारें २००० ते ५००० कंपनांचे स्वर त्यास सर्वांत तीव्र भासतात. मावशींनीं आणलेला पांवा ‘डी’ स्वराचा आहे, असें पत्रांत आहे. त्याचा सर्वांत खालचा स्वरच ५८७ कंपनांचा, आणि दुसऱ्या सप्तकाच्या टोकाशीं तो २३०० च्याही वर जातो. म्हणजे नेमका कानाच्या नाजूक जागीं. सासूबाईंना कमी ऐकूं येतें, तेव्हां त्यांस तरी त्रास नसावा, असें या भगिनींस वाटतें. तीही समजूत बरोबर नाहीं. म्हातारपणीं बारीक आवाज ऐकूं येईनासा होतो, पण मोठा व कर्कश आवाज पुष्कळदां अधिकच बोचतो.

पत्र्याचा पांवा हें वाद्य मुळीं घरांत दडून वाजविण्याचें नव्हेच. रॉबर्ट क्लार्क यानें इंग्लंडांत १८४३ सालीं असे पांवे करून विकण्यास आरंभ केला. (त्याच सालीं सांगलीस विष्णुदास भाव्यांचें सीतास्वयंवर रंगभूमीवर आलें.) स्वस्त, टिकाऊ आणि रस्त्यावर व नाचाच्या मेळ्यांत ऐकूं जाईल असें हें वाद्य, म्हणूनच तें लोकप्रिय झालें.

आतां मुख्य मुद्दा. मुलास “हळू वाजव” म्हणून सांगणें व्यर्थ आहे. ज्या नळींत तोंडाशीं खुंटा बसवून फुंकेची वाट कायमची आंखून दिलेली असते, तींत हळू फुंकलें कीं स्वर उतरतो, आणि जोरानें फुंकलें कीं तो वरच्या सप्तकांत उडी घेतो. नादाचा जोर कारागिरानें ठरविलेला असतो; वाजविणाराच्या हातीं तो फारच थोडा राहतो. मुलगा ऐकत नाहीं असें घरांत सर्वांस वाटलें असेल. पण वाद्यच ऐकत नव्हतें!

म्हणून पहिला उपाय बिनखर्चाचा. मुखाखालीं जी चौकोनी खिडकी असते, तिच्या एका कडेवर चिकटपट्टीची अरुंद फीत उभी लावावी. खिडकी जितकी अरुंद तितका नाद क्षीण. आरंभीं चतुर्थांश खिडकीच झांकावी. स्वर किंचित् उतरेल, त्याची चिंता नको. पण वरचे स्वर फुटूं लागले तर फीत थोडी मागें घ्यावी.

एवढ्यानें न भागल्यास दुसरा पांवा घ्यावा, आणि तो खालच्या स्वराचा घ्यावा. ‘बी फ्लॅट’चा पांवा डीपेक्षां चार अर्धस्वर खालीं असतो; लांबी सुमारें पंधरा इंच, अकरा वर्षांच्या मुलाचीं बोटें पोंचतात. याहून खालचे पांवेही आहेत. बर्नार्ड ओव्हरटन या कारागिरानें १९७१ सालीं फिनबार फ्युरी या वादकासाठीं डीचा पूर्ण एक सप्तक खालचा पांवा घडविला. त्याचा आवाज सुंदर, परंतु तो जवळजवळ दोन हात लांबीच्या निम्म्याहून अधिक भरतो. मुलाच्या बोटांस तो झेपणार नाहीं.

दुकानांत एक घोटाळा होतो, तो सांगून ठेवतों. विलायतेंत सहाही भोकें बंद असतां निघणाऱ्या स्वरावरून पांव्यास नांव देतात. आपल्याकडे बासरीवाले तीन भोकें बंद असतां निघणारा स्वर षड्ज धरतात. त्यामुळें विलायती डी हा आपल्या हिशेबानें पांढरी पांच होतो. “पांढरी दोन द्या” म्हटल्यास भलतीच बासरी पदरीं पडेल.

मग आपली आडवी बासरीच कां नको? हा प्रश्न रास्त आहे. तींत फुंकेची वाट ओंठांनीं घडवावयाची असल्यामुळें तयार वादक ती कुजबुजीइतकी हळू वाजवूं शकतो. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनीं सुमारें बत्तीस इंचांची बासरी रूढ करून ख्यालाचें गांभीर्य तीवर आणलें; तो खर्जाचा नाद भिंतीपलीकडेही कोणास टोंचत नाहीं. मात्र पहिले कित्येक आठवडे नुसती फूं-फूं होते, आणि मुलाचा धीर तेवढा टिकेल कीं नाहीं हें आईच जाणे. आमचा कौल असा: वर्षभर पांवा, मग मध्यम लांबीची बासरी. जत्रेंतील बासरी मात्र नको. ती बहुधा सुरांत नसते.

जागेविषयीं थोडेंसें. न्हाणीघरांत वाजविण्यास धाडूं नये, तेथें आवाज दुणावतो. गाद्या-रजयांची खोली उत्तम. उंच स्वर कापूस शोषून घेतो. दाराखालची फट गोधडीनें बुजवावी. काकांच्या निजण्याच्या वेळीं वाजविणें नको, हें तर उघडच आहे. दुपारीं चारनंतर, ते उठून चहा घेत असतां, पहिल्या सप्तकांतील एखादी सोपी चाल त्यांनाच ऐकवावी.

पांवा माळ्यावरून मुलानें काढूं नये. काकांनींच काढून द्यावा, आणि फीतही त्यांनींच लावावी. मागाच्या तुटल्या धाग्यास गांठ देणारीं बोटें या कामास घरांत सर्वांत कुशल असणार.