नोंद नाही, तर जबाबदारी कुणाची?

करोनाची दुसरी लाट येण्याआधी, नोव्हेंबर २०२० मध्येच, आरोग्यविषयक संसदीय स्थायी समितीने ऑक्सिजनचे उत्पादन पुरेसे ठेवण्याची शिफारस केली होती. एप्रिल २०२१ मध्ये रुग्णालये ऑक्सिजनसाठी धावाधाव करत होती. जुलैमध्ये राज्यसभेत प्रश्न आला तेव्हा केंद्राचे लेखी उत्तर होते : ऑक्सिजनअभावी झालेल्या मृत्यूंची वेगळी माहिती राज्यांनी कळवलेली नाही, आरोग्य हा राज्यांचा विषय आहे.

या उत्तराने अनेकांना संताप आला. पण खरी मेख कागदात आहे. मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय दाखल्यात आजारांची साखळी लिहितात : करोना, न्यूमोनिया, श्वसनक्रिया बंद पडणे. त्या वेळी ऑक्सिजनचा साठा होता का, याला रकानाच नाही. नोंद नाही म्हणून आकडा नाही, आणि आकडा नाही म्हणून कुणी जबाबदार नाही.

समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. मंत्रालयाला फक्त त्यांवरील कार्यवाही कळवावी लागते. म्हणून सुरुवात रुग्णालयापासूनच हवी. ऑक्सिजन, औषधे, खाटा यांचा तुटवडा कधी झाला, याची वेळेसह नोंद सक्तीची करावी. तरच लोकप्रतिनिधींच्या प्रश्नाला उत्तर टाळता येणार नाही.