अवेळी दिसलेला डाग

पाळीची तारीख अजून दूर असताना कपड्यावर रक्ताचा डाग दिसावा, असे अनेक स्त्रियांच्या आयुष्यात एखाद्या वेळी तरी घडते. तो दिसताच मनात दोन विचार उमटतात. एक, ‘काही भयंकर तर नसेल ना?’ आणि दुसरा, ‘जाऊ द्या, थांबेल आपोआप.’ पहिल्याने झोप उडते. दुसऱ्याने वेळ जातो. या दोहोंच्या मधला शहाणपणाचा मार्ग कोणता, याचा विचार आजच्या सदरात करावयाचा आहे.

दिल्लीतील करोल बागेसारख्या वस्तीत हा प्रश्न जरा अधिकच अवघड होतो. येथे पंजाबी, बंगाली, तमिळ, मराठी कुटुंबे एकमेकांच्या शेजारी नांदतात. शेजार चांगला असतो, पण आई आणि मावशी दूर सोलापुरास किंवा नागपुरास असतात. घर दोन खोल्यांचे. फोनवर बोलावे तर बाहेरच्या खोलीत सासरे बसलेले. शेजारणीला सांगावे तर हिंदीत कोणत्या शब्दांनी सांगावे, हेच सुचत नाही. मग बाजारहाटाला गेले असता औषधांच्या दुकानातून रक्त थांबविणारी एखादी गोळी आणली जाते. रक्त थांबते, परंतु ते का जात होते हे कळत नाही.

हा संकोच काही परगावी राहणाऱ्यांपुरता नाही. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शंभरातील ९२ स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला; मात्र त्यापूर्वी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात अवघ्या आठ होत्या. दुखणी घरोघर होती. ती सांगण्याची वाट मात्र बंद होती.

आता कारणांकडे वळू. अवेळी दिसणाऱ्या डागाची पुष्कळशी कारणे साधी असतात. काही स्त्रियांना दोन पाळ्यांच्या मध्यावर, बीज बाहेर पडते त्या सुमारास, एखादा दिवस किंचित डाग दिसतो. गर्भनिरोधक गोळ्या नव्याने सुरू केल्यावर पहिले दोन-तीन महिने, किंवा मध्येच एखादी गोळी घ्यावयाची राहिली तरी, असे होते. तांबी बसविल्यानंतरच्या काही महिन्यांतही डाग पडू शकतो. संबंधानंतर घ्यावयाच्या तातडीच्या गोळीनेही पाळीचे वेळापत्रक विस्कटते. मुलीला पाळी नुकतीच सुरू झाली असेल, अथवा चाळिशीनंतर ती जाण्याच्या बेतात असेल, तर ती मागेपुढे होणे स्वाभाविक असते.

काही कारणे मात्र उपचार मागतात. गर्भाशयमुखाचा दाह, योनिमार्गातील संसर्ग, गर्भाशयातील गाठी, मुखाशी वाढलेला लहानसा कोंब, थायरॉइड ग्रंथीचा बिघाड, बीजकोशाचे विकार, रक्त पातळ करणारी औषधे, ही त्यांपैकी काही होत. यांतील बहुतेकांवर चांगले उपचार आहेत. क्वचित या डागामागे गर्भाशयाचा किंवा त्याच्या मुखाचा कर्करोगही असतो. कारण कोणते, हे केवळ डागाच्या रंगावरून घरी ओळखता येत नाही. म्हणून पुढील प्रसंगी वाट पाहू नये.

पहिला प्रसंग गरोदरपणाचा. पाळी चुकली असेल, दिवस गेल्याचा नुसता संशय असेल, आणि डाग दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पुष्कळदा गर्भ सुखरूप असतो. परंतु गर्भपाताची ती सुरुवातही असू शकते. त्यातही ओटीपोटात, विशेषतः एका बाजूस, तीव्र कळ येत असेल, खांद्याच्या टोकाशी दुखत असेल, घेरी येत असेल, तर गर्भ गर्भनलिकेत रुजला असण्याचा धोका असतो. नलिका फुटल्यास पोटात रक्तस्राव होऊन प्राणावर बेतते. अशा वेळी सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आपला रक्तगट निगेटिव्ह असल्यास तेही आवर्जून सांगावे, कारण अशा काही स्त्रियांना एक विशेष इंजेक्शन द्यावे लागते.

दुसरा प्रसंग पाळी गेल्यानंतरचा. पाळी बंद होऊन पुरते वर्ष लोटल्यावर रक्ताचा एक थेंब जरी दिसला, तरी तपासणी आवश्यक आहे. ‘उष्णता झाली’ किंवा ‘पाळी पुन्हा सुरू झाली’ असे म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रिया हे अंगावर काढतात. पुष्कळजणींत त्याचे कारण त्वचा कोरडी व नाजूक होणे एवढेच असते. परंतु दहांतील सुमारे एकीत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग आढळतो, आणि तो लवकर सापडल्यास बहुधा बरा होतो.

तिसरा प्रसंग संबंधानंतर रक्त जाण्याचा. हे सांगण्यास सर्वांत अवघड, आणि म्हणूनच सर्वांत जास्त लपविले जाते. ते पुन्हा पुन्हा होत असल्यास गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी.

याखेरीज तासाला एक पॅड भिजून असे दोन तास चालले, किंवा रक्तासोबत ताप, दुर्गंधी वा ओटीपोटात दुखणे असले, तर त्वरित रुग्णालयात जावे. दोन-तीन महिने पाळ्यांच्या मध्ये डाग दिसत राहिला, अथवा थकवा व धाप वाढली, तर लवकर वेळ ठरवून डॉक्टरांना भेटावे.

वेळीच सांगण्याने काय साधते, हे महाराष्ट्रानेच दाखविले आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली ग्रामीण भागासाठी देशातील पहिली कर्करोग-नोंदणी सुरू झाली. तिचे कार्यकर्ते बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील गावोगाव जात. नुसती नावे न टिपता, अवेळी रक्त जाणे हे कशाचे लक्षण असू शकते ते गावकऱ्यांस समजावून सांगत, आणि अशा स्त्रियांना तपासणीस येण्याचा आग्रह करीत. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की गर्भाशयमुखाचा कर्करोग प्रारंभीच्या अवस्थेत ओळखल्या गेलेल्या स्त्रियांचे प्रमाण या भागात वाढले. नवे यंत्र नव्हे, तर उघड बोलणे तेथे कामी आले.

पुढे त्याच परिसरात, तेव्हाच्या उस्मानाबाद व आताच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या ‘एचपीव्ही’ चाचणीने या रोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर येऊ शकतात, असे २००९ साली सिद्ध झाले. म्हणून तिशी ओलांडलेल्या स्त्रीने डाग नसतानाही ही तपासणी करून घेणे हिताचे.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी एका कागदावर चार गोष्टी लिहून न्याव्यात: शेवटच्या पाळीची तारीख, डाग किती दिवस व किती पडला, कोणती औषधे अथवा गोळ्या चालू आहेत, आणि दिवस असण्याची शक्यता आहे की नाही. ‘अंगावर जाते’ एवढेच सांगून भागत नाही, कारण त्यातून पांढरे की लाल हे कळत नाही. ‘लाल’ हा शब्द स्पष्ट उच्चारावा. दिल्लीत ‘महीने के बीच में ख़ून आता है’ हे एक वाक्य पुरे होते. डॉक्टर लघवीची व रक्ताची तपासणी, सोनोग्राफी आणि जरूर तर आतून तपासणी करतात. अविवाहित मुलीची सोनोग्राफी पोटावरून होते, तेव्हा त्या भीतीने तिला घरी ठेवू नये. स्त्री-डॉक्टर हवी असे म्हणण्यातही गैर नाही. स्त्रियांना स्त्री-डॉक्टर मिळाव्यात, हाच विचार १९१६ साली स्थापन झालेल्या दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयामागे होता. करोल बागेहून मेट्रोने दोन स्थानके पुढे, रामकृष्ण आश्रम मार्गाला उतरले की ते फार दूर राहत नाही.

शेवटी दोन शब्द घरातील पुरुषांसाठी. पत्नी किंवा आई ‘जरा दवाखान्यात जायचे आहे’ असे म्हणून गप्प झाली, तर कारण खोदून विचारू नये. तिच्यासोबत जावे, आणि ती एकटी आत जाऊ इच्छीत असेल तर बाहेर बसून राहावे. गरोदरपणी किंवा पाळी गेल्यानंतर डाग दिसला असेल, तर त्या दिवशीची कचेरी बुडाली तरी चालेल.